वाटून घेतलेले शब्द

वाल्दिव्हिया, १४ मे २०१८

प्रिय आत्या,

आधी एक दुरुस्ती. केतुई बेटावरून परतल्यावर तुला लिहिलेल्या पत्रात मी म्हटलं होतं की, टिटवीचं चित्र दाखवून नाव विचारलं तेव्हा यास्ना "माहीत नाही" म्हणाली. ती तसं म्हणाली नव्हती. काल मी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. ती म्हणाली, "ते माझं नाही." आमच्या कागदावर तीनच चौकटी असतात: बरोबर, चूक, माहीत नाही. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली. आणि तुला लिहितानाही चौकटीतलंच वाक्य लिहिलं, मुलीच्या तोंडचं नाही. हे मला फार लागलं आहे, म्हणून सगळ्यात आधी लिहिते.

तू विचारलं होतंस, तुम्ही पोरांना चित्रं दाखवून करता तरी काय. आम्ही मुलांना ओळखीची चित्रं देतो आणि त्यांना बनावट नावं देतो, जगातल्या कुठल्याच भाषेत नसलेली. म्हणजे शहरातल्या मुलाला आणि बेटावरच्या मुलाला ती सारखीच नवी. चित्रांचे पत्ते आठवडाभर शाळेत ठेवतो. मग एकेका मुलाला एकटं बोलावून विचारतो. ती उत्तरं आम्ही संगणकाला देतो. त्यात त्या मुलाची एक नक्कल असते. आमचे प्रमुख, डॉक्टर ओसांदोन, तिला "यंत्रातलं मूल" म्हणतात. घोकलं की त्या नकलेतला शब्द पक्का होतो, दिवस गेले की पुसट होतो. पक्का किती लवकर होतो आणि पुसट किती लवकर, हे दोन आकडे आम्ही फिरवत राहतो, जोवर नक्कल खऱ्या मुलासारखीच चुकत नाही. चुका जुळल्या की आम्ही म्हणतो, हे मूल आम्हाला कळलं.

केतुईच्या सातही मुलांचा शिकण्याचा आकडा शहरातल्या मुलांच्या निम्म्याहून कमी आला आहे. पडद्यावर त्यांचे ठिपके खाली एका कोपऱ्यात गोळा झालेत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या रेन्सोने त्यांना तपकिरी रंग दिला आणि त्यांचं नाव ठेवलं "बटाटे". रोज सकाळी विचारतो, "काय, बटाटे शिजले का?" सगळे हसतात. मग कुणाला तरी आठवतं की मीही चिलोएची, त्याच बेटांमधली. "तू नाही गं फ्रेसिया, तुझी गोष्ट वेगळी."

हल्ली प्रयोगशाळेत शिरलं की मळमळतं. दुपारचं जेवण जात नाही.

तुझी,
फ्रेसिया

•

आचाओ, २६ मे २०१८

फ्रेसिया पोरी,

मळमळतं असं शेवटच्या ओळीत लिहितेस आणि त्याआधी दोन पानं चौकटी! मी काय काल जन्मले? कोण आहे तो? तो बटाटेवाला रेन्सो असेल तर मी स्वतः येऊन त्याला सोलते. आणि तसं काही असेल तर स्पष्ट लिही. तुझ्या बापाला मी सांगेन, तू सांगू नकोस. तो आधी आरडाओरडा करेल आणि मग पाळणा करायला बसेल.

फोनवर बोलू म्हणतेस. फोनवर तू रडतेस आणि मला काही ऐकू येत नाही. लिहीत जा. चुलीजवळच्या टेबलावर तुला बसवून मी अक्षर गिरवून घेतलं ते फुकट नाही घेतलं.

यास्नाचं काय घेऊन बसलीस? पोरं काहीही बोलतात. "ते माझं नाही" काय आणि "माहीत नाही" काय, टिटवीचं नाव नाही आलं एवढं खरं ना? तू फार बारीक कातत बसतेस. सातव्या वर्षीसुद्धा तू वजाबाकी बरोबर आली तरी ताळा करून पाहायचीस आणि मग ताळ्याचा ताळा. तुमच्या विद्यापीठाने एवढी यंत्रं लावून काढलंय म्हणजे काहीतरी खरं असणार.

शिक्षण कचेरीची माणसं होडी घेऊन केतुईला येऊन गेली. ज्या मुलांना जमत नाही त्यांच्यासाठी पुएर्तो मोंतच्या वसतिगृहात खास वर्ग काढणार म्हणे. यास्नाची आई ओर्तेन्सिया इथे बाजारात भेटली, मला विचारत होती. जे सांगायचं ते मी सांगितलं.

आलं उकळून पी. आणि नाव कळव.

आत्या

•

वाल्दिव्हिया, ९ जून २०१८

प्रिय आत्या,

तसं काही नाही. रेन्सो तर नाहीच नाही. तो डब्यातला मासा बोटांनी खातो आणि तीच बोटं माझ्या कळफलकावर ठेवतो. पाळण्याचं बाबांना काही बोलू नकोस.

मळमळ कशाची ते आता मला कळलं आहे. नीट क्रमाने सांगते.

मी सातही मुलांची ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकली. प्रत्येक मुलाला काही चित्रं एकदम, न अडखळता येतात. उरलेल्यांवर ते गप्प बसतं किंवा म्हणतं, "ते माझं नाही." आणि ज्याचं ते नाही, ते बरोबर दुसऱ्या कुणाचं तरी असतं. सातांचं मिळून एकही चित्र सुटलेलं नाही. आठवडाभर पत्ते शाळेत होते, तेव्हा पोरांनी ते वाटून घेतले होते! इतकं साधं. पावसाआधी बटाटे काढायचे तर सऱ्या वाटून घेतात, तसं.

मला हे तिथेच कळायला हवं होतं. आपल्या बेटावर संत अंतोनियोच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत प्रत्येक घराचं एकेक कडवं ठरलेलं असायचं. आपलं चौथं. पाठ सगळ्यांना सगळी असायची, पण दुसऱ्या घराचं कडवं कुणी म्हणत नसे. मी एकदा रेमोल्कोय म्हाताऱ्याचं कडवं जोरात म्हटलं, तर तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की आठवडाभर वळ होता. "दुसऱ्याच्या भांड्यात हात घालतेस?" म्हणालीस.

यास्नाच्या भावाच्या, एलिसेओच्या ध्वनिमुद्रणात एका जागी तो नावातलं पहिलं अक्षर उच्चारतो आणि थांबतो. नाव त्याला येत होतं. ते यास्नाचं होतं, म्हणून त्याने गिळलं. आणि त्या गिळण्यावर मी खूण केली: माहीत नाही.

मग मी एक दुसरी नक्कल बांधली. सात वेगळी मुलं नाहीत, सातांची मिळून एक आठवण, आणि प्रत्येकाला माहीत आहे की कुठला शब्द कुणाकडे आहे. आत्या, ती इतकी अचूक बसली की मी घाबरले. मी ती तीनदा तपासली (हो, ताळ्याचा ताळा). या नकलेत केतुईच्या मुलांचा आकडा शहरातल्या मुलांएवढाच येतो.

ते घेऊन मी डॉक्टर ओसांदोनांकडे गेले. मला वाटलं, ते नाही म्हणतील, माझी चूक काढतील. तुला खरं सांगते, त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ते संत्रं सोलत होते. सगळं वाचलं. अगदी लक्ष देऊन वाचलं. मग म्हणाले, "वा! फ्रेसिया, हे सोनं आहे."

मी म्हटलं, "मग कचेरीला कळवायला हवं. वसतिगृहाची यादी आपल्या आकड्यांवरून केली आहे."

"कळवू की. पुढच्या वर्षी. आधी पहिला लेख जाऊ दे: बेटावरच्या मुलांची स्मृती तोकडी. मग दुसरा: नाही, तोकडी नाही, वाटलेली आहे! पहिल्याशिवाय दुसऱ्याला धार कुठली? आणि दोन्ही आपलेच. तुझं नाव दुसऱ्यावर पहिलं टाकू."

"पण मुलं या ऑगस्टमध्ये जाणार आहेत."

"मुलं लवचीक असतात. तिथे ऊब आहे, रोज दूध आहे, इंटरनेट आहे. आणि तू आहेसच ना उदाहरण?" असं म्हणून त्यांनी संत्र्याच्या बिया माझ्या कागदावर थुंकल्या. मुद्दाम नाही. समोर कागद होता म्हणून.

मी बिया पुसल्या आणि "बरं" म्हणाले. खरंच, मी "बरं" म्हणाले.

ज्याला कळत नाही त्याच्यावर मला रागावता येतं. या माणसाला सगळं कळलं, माझ्याहून लवकर कळलं, आणि त्याला त्याचा आनंद झाला. तो आनंद मला अजून अंगावर चिकटल्यासारखा वाटतो. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

सात मुलं गेली की केतुईची शाळा बंद होईल, हे तर तुला सांगायला नको. तू ओर्तेन्सियाला काय सांगितलंस?

फ्रेसिया

•

आचाओ, २४ जून २०१८

फ्रेसिया,

मी ओर्तेन्सियाला सांगितलं: माझ्या भाचीने स्वतः तपासलंय, ती खोटं बोलत नाही, पाठव पोरांना.

एकट्या ओर्तेन्सियालाच नाही. रविवारी चर्चबाहेर केतुईच्या सगळ्या आयांना सांगितलं. केतुईवरून परतल्यावर लिहिलेलं तुझं पत्र पर्समध्ये होतं, ते काढून दाखवलं. कचेरीच्या माणसांवर कुणाचा विश्वास नव्हता, मुळीच नव्हता. तुझ्या नावावर बसला. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तेव्हा मला त्यात लिहिण्यासारखं काही वाटलं नव्हतं. बरं केलं असंच वाटत होतं. आता तुझं पत्र वाचल्यापासून तोंडाला कडू चव आली आहे आणि कशानेच जात नाही.

मी बुधवारच्या होडीने केतुईला गेले. लाटा अशा की शेजारी बसलेली बाई सगळा वेळ देवाचं नाव घेत होती आणि मधेमधे नावाड्याच्या आईचं. ओर्तेन्सियाने यास्नाची पेटी भरून दाराजवळ ठेवली आहे. ऑगस्टला जायचंय आणि पेटी जूनमध्ये भरलेली. म्हणाली, "डोळ्यांसमोर असली की सवय होईल."

मी यास्नाला चुलीपाशी बसवलं. एलिसेओ बाकाखाली मांजराशी खेळत होता.

"काय गं, टिटवीचं नाव का नाही सांगितलंस माझ्या फ्रेसियाला?"

"ते एलिसेओचं होतं."

"तुला येत होतं?"

"हो. नोलाप."

"मग सांगायचं की!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चोरी कर म्हणतेय. "मग त्याने काय सांगायचं?"

बाकाखालून आवाज आला, "आणि तिने सांगितलंच आत्ता! मी पण तिचं घोड्याचं सांगणार!" आणि सांगितलं. बहिणीने त्याला लाथ घातली.

आता ऐक. मी तुला शिकवलं तेव्हा घरात एकच पुस्तक होतं आणि त्याला मागची पानं नव्हती. तरी तू कुणाची फसवणूक करायला शिकली नाहीस. त्या संत्रंखाऊ माणसासमोर "बरं" म्हणालीस, ते कुणाकडून शिकलीस? माझ्याकडून नाही, मी आयुष्यात कुणाला बरं म्हटलेलं नाही. म्हणून तर लग्न झालं नाही.

मी आयांना तुझा शब्द दिला होता. तो मी येत्या रविवारी परत घेणार आहे, त्याच चर्चबाहेर, त्याच आवाजात. पण माझ्या तोंडाला कचेरीत कुणी विचारत नाही. यादी तुमच्या आकड्यांनी झाली. तू काय करणार आहेस ते लिही. मळमळतं असं लिहू नकोस. ते कळलं.

आत्या

•

वाल्दिव्हिया, १८ जुलै २०१८

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. चार मसुदे फाडले.

मधे इथे एक प्रकार झाला. परदेशातून दोन पाहुणे आले होते. डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बसवलं आणि त्यांच्यादेखत माझी परीक्षा घेतली. पत्ते, नावं, थोडा वेळ, पुन्हा पत्ते. माझा आकडा वर, अगदी वरच्या कडेला आला. डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले, "ही बेटावरची मुलगी. वेळेत बाहेर काढली, तर काय होऊ शकतं ते पाहा." पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, बाजारात घोडीचे दात पाहून डोलावतात तशी. मला कुणी बाहेर काढलं नव्हतं, आत्या. मी सतरा वर्षांची होईपर्यंत शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मला जे येतं ते तू आणि बाबांनी शिकवलेलं, धूर खात, ओल्या लाकडाच्या चुलीजवळ. हे सगळं माझ्या जिभेवर होतं आणि मी हसत बसले. ते हसू थिजलेल्या चरबीसारखं तोंडावर राहिलं.

बाहेर आल्यावर रेन्सो म्हणाला, "काय, सोललेला बटाटा!" मी त्याच्या चहात थुंकणार होते. थुंकले नाही. पण त्याला तो पिताना मी पाहत राहिले आणि मला थोडं बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

ऑगस्टच्या तेवीस तारखेला पुएर्तो मोंतला कचेरीची बैठक आहे. यादीवर शेवटचा शिक्का तिथे बसणार. डॉक्टर आकडे मांडणार आहेत आणि मला तीच परीक्षा पुन्हा सगळ्यांसमोर द्यायची आहे.

माझं असं ठरलं आहे. यास्ना आणि एलिसेओला तू पुएर्तो मोंतला घेऊन ये. खर्च मी करते. दोघांना टेबलासमोर शेजारी शेजारी उभं करू. मी त्या दोघांच्या वाट्याचे पत्ते दाखवेन. जिचं तिने सांगायचं, ज्याचं त्याने. एकही सुटणार नाही. ते पाहिल्यावर कुणाला काही बोलायला जागाच राहणार नाही. मला फार बोलावंही लागणार नाही. तू जाणतेस, माणसांसमोर माझा आवाज कसा होतो.

ओर्तेन्सियाला विचारशील?

तुझी,
फ्रेसिया

•

आचाओ, १ ऑगस्ट २०१८

फ्रेसिया,

विचारलं. ती शेगडीवर मासा उलटत होती. उलथनं हातातच ठेवून म्हणाली, "एदेल्मिराबाई, आधी तुमच्या भाचीने पोरांना खोलीत एकटं नेऊन विचारलं. आता भर सभेत उभं करून विचारणार. माझी पोरं जत्रेतली माकडं आहेत का?"

मी म्हटलं, "त्यांच्याच भल्यासाठी आहे."

"पहिल्यांदाही तेच म्हणाला होतात."

तिने मला जेवायला वाढलं, पण पोरं देणार नाही म्हणाली. आणि तुला सांगते, मीही आणणार नाही. तुझं पत्र वाचताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिने म्हटल्यावर आलं. तुझ्या साहेबाला सभेत एक फ्रेसिया मांडून दाखवायची आहे आणि तुला दोन पोरं. त्याच्या तुझ्यात फरक तो काय? तू त्यांना खाऊ देशील एवढाच. आणि दोघांनी घाबरून तोंड उघडलं नाही तर? पडद्यावर आणखी दोन ठिपके.

म्हटल्याप्रमाणे त्या रविवारी मी चर्चबाहेर शब्द परत घेतला. काहींनी ऐकून घेतला. रेमोल्कोयची सून म्हणाली, "आधी हो म्हणालीस, आता नाही म्हणतेस, म्हातारी झालीस." पाचजणींनी पेट्या भरून ठेवल्यात. कचेरीचं पत्र आलं की पोरं पाठवतील, कारण कचेरीशी वाकडं घेऊन इथे कुणाचं भलं झालेलं नाही. पोरांना न्यायला होडी सोमवारी, सत्तावीस तारखेला केतुईला येणार.

तुझा आवाज माणसांसमोर कसा होतो ते मला ठाऊक आहे. चिरका होतो, आणि तू कानाची पाळी ओढत बसतेस. होऊ दे. पोरांच्या आड लपू नकोस.

आत्या

•

वाल्दिव्हिया, १३ ऑगस्ट २०१८

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खूप चिडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं आणि मला माझ्या त्या बेताची किळस आली. ओर्तेन्सियाला सांग, मी तिच्या मुलांना पुन्हा काही विचारणार नाही. सभेत त्यांची नावंही घेणार नाही.

काय करणार ते लिहिते. लिहिल्यावर मागे फिरणं अवघड होतं, म्हणूनही लिहिते.

शुक्रवारी मी डॉक्टरांना सांगितलं की पहिल्या लेखावरून माझं नाव काढा. ते रागावले नाहीत. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुझी विद्यावृत्ती या प्रकल्पावर आहे, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"बेटावर परत जाऊन मासे वाळवायचे आहेत का?"

"वाळवता येतात मला."

ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. "सभेपर्यंत शांत हो. तिथे तू लागणार आहेस. तुझी खुर्ची मांडलेली आहे. आल्या पाहुण्यांना आपली फ्रेसिया दाखवायची नाही, असं कसं चालेल?" आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या जागी अजून हात असल्यासारखा वाटतो.

नाव काढण्याचं मी बोलले, दुसऱ्या नकलेचा विषय मात्र मुद्दाम काढला नाही. मी पुन्हा "बरं" म्हणेन असं त्यांना वाटतंय, तर वाटू दे. हे मला शोभत नाही, मी कधी कुणाला अंधारात ठेवलेलं नाही, आणि मला त्याचा त्रास होतो. पण आधी सांगितलं तर खुर्ची काढून घेतील, आणि सभेत बोलायला माझ्यासाठी तेवढी एकच जागा आहे.

मी जाणार. त्या खुर्चीत बसणार. ते पत्ते पुढे करतील आणि म्हणतील, "ही बेटावरची मुलगी." तेव्हा मी पत्त्यांना हात लावणार नाही. उठून उभी राहीन आणि सांगेन की केतुईची उत्तरं मी घेतली, खुणा मी केल्या, आणि त्या खुणा चुकीच्या आहेत. का चुकीच्या ते सांगेन. डॉक्टरांना हे जूनपासून माहीत आहे, हेही सांगेन. दुसऱ्या नकलेच्या प्रती मी टेबलावर बसलेल्या प्रत्येकासाठी काढल्या आहेत. मला बसवलं तर दारात उभी राहून वाटेन.

त्यानंतर माझी इथली जागा जाईल. खोली महिनाअखेर सोडावी लागेल. बाबांना तूच सांग, आणि या वेळी आरडाओरडा करू दे.

रोज आरशासमोर म्हणून पाहते. तिसऱ्या वाक्याला आवाज चिरका होतो. काल पाचव्याला झाला. एवढं पुरेल की नाही, कळत नाही. यादी थांबेल की ते मला बाहेर काढून शिक्का मारतील, तेही कळत नाही. तू सोमवारी केतुईच्या धक्क्यावर थांब. होडी रिकामी परत गेली की भरून, ते मला तूच कळव.

बस इथून पहाटे निघते. बैठक दहाला.

गुरुवार, २३ ऑगस्ट.

फ्रेसिया